हॉलमध्ये चित्र लखलखीत, मागच्या खोलीत काळपट

प्रश्न : गावभागातल्या जुन्या वाड्यात आम्ही राहतो. हॉलमधला टीव्ही नवा, ४३ इंची, त्याला डिशचा एचडी बॉक्स. गुडघ्यांमुळे सासूबाईंना हॉलपर्यंत येणं होत नाही. म्हणून त्याच बॉक्समधून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर मागच्या खोलीत नेली आणि तिथं २४ इंची टीव्ही लावला. वायर साठेक फूट, मध्ये दोन जोड, त्यातला एक जमिनीलगत. ती २०१९ च्या पुराच्या आधीपासून तशीच आहे. पुढं दिरांनी माडीवर टीव्ही घेतला, तेव्हा बॉक्सपाशी एकाची दोन करणारी पिन बसवली. आता सासूबाईंच्या खोलीत चित्र काळपट, रंग विटलेले, प्रत्येकाच्या नाकाला उजवीकडून चिकटलेलं दुसरं नाक, आणि एक रुंद आडवा पट्टा सावकाश वर सरकत असतो. मिक्सर लावला की मुंग्या. स्मृती मानधनाची मॅच त्या चुकवत नाहीत, पण स्कोअर वाचता येत नाही, मग दर षटकाला "किती झाल्या गं?" म्हणून मला हाक. मध्ये ऑनलाइन बिनतारी पेटी मागवून बघितली, तर मायक्रोवेव्ह लावला की ती बंद. दुरुस्तीवाला म्हणतो पॅनल गेलंय, नवा टीव्ही घ्या. घ्यावा का?
– एक सून, गावभाग, सांगली

उत्तर : ताई, टीव्ही घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत होईल. पॅनल गेलं की पडद्यावर उभ्या रेघा येतात, एखादा कोपरा काळा पडतो किंवा चित्र अर्धंच दिसतं. पॅनल खराब झालं म्हणून नाकाला दुसरं नाक येत नाही, आणि मिक्सर लावल्यावर मुंग्या तर मुळीच नाहीत. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. फक्त एका दुखण्याची नव्हेत, चार वेगवेगळ्या दुखण्यांची ती लक्षणं आहेत. म्हणून एकच वस्तू बदलून सगळं जाईल, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात आधी एक फुकटचं काम करा. मागच्या खोलीतला टीव्ही उचलून हॉलमध्ये आणा. २४ इंची आहे, दिरांना सांगितलं तर एका हातानं आणतील. बॉक्सपाशी ठेवून बॉक्ससोबत आलेल्या हातभर वायरनं थेट जोडा. एकाची दोन करणारी पिन काढलेलीच असू द्या. चित्र स्वच्छ आलं तर टीव्ही ठणठणीत आणि बॉक्सही ठणठणीत. दोष मधल्या साठ फुटांत. माझी खात्री आहे की असंच होईल. तसं झालं नाही आणि इथंही चित्र काळपटच राहिलं, तर मात्र दुरुस्तीवाल्याची माफी मागून त्याला परत बोलवा.

आता टीव्ही जागेवर नेऊन जुनी वायर जोडा, पण माडीवरच्या टीव्हीची पिन बॉक्सपाशी काढून ठेवा. मागच्या खोलीतलं चित्र लगेच उजळलं, तर काळपटपणाचं मूळ सापडलं. बॉक्समधून पिवळ्या पिनेला येणारा सिग्नल एका टीव्हीच्या हिशोबानं बनवलेला असतो. टीव्ही आतून ७५ ओमचा भार टाकतो आणि त्या भारावर सिग्नल १ व्होल्ट भरतो. दुसरा टीव्ही त्याच पिनेला लावला की दोघांचा मिळून भार ३७.५ ओम होतो आणि व्होल्ट उतरतात ०.६७ वर. म्हणजे उजेडाचा तिसरा हिस्सा तिथंच गेला. माडीवरचा टीव्ही बंद असला तरी सुटका नाही, कारण बहुतेक टीव्हींमधला तो ७५ ओमचा रोध टीव्ही बंद असतानाही जोडलेलाच असतो. काही टीव्ही ही तूट आपोआप भरून काढतात. तुमचा तितका हुशार नाही असं दिसतं. दहा-वीस रुपयांची ती दुहेरी पिन दुकानदार अगदी सहज हातात देतात. आवाजाच्या लाल-पांढऱ्या वायरीला ती चालते, पिवळीला चालत नाही.

दोन टीव्हींना एकाच बॉक्सचं चित्र द्यायचंच असेल तर एव्ही डिस्ट्रिब्यूशन ॲम्प्लिफायर नावाची लहानशी पेटी मिळते. एक आत, दोन किंवा चार बाहेर, प्रत्येक वाटेला पूर्ण व्होल्ट. सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे चौकशी करा. एक पथ्य मात्र पाळा : ही पेटी बॉक्सपाशी लावायची, सासूबाईंच्या खोलीत नाही. तिकडच्या टोकाला लावली तर वाटेत शिरलेली घाणही ती तितकीच मोठी करून दाखवते. "बूस्टर लावला, तरी मुंग्या जाईनात" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी बहुतेक वेळा बूस्टर चुकीच्या टोकाला लावलेला असतो.

आता दुसऱ्या नाकाकडे येऊ. सावली अगदी चिकटून आहे, असं तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. वायरमधून जाणारा सिग्नल खराब जोडावर किंवा चुकीच्या जातीच्या वायरीच्या टोकाला आपटून मागं फिरतो, पुन्हा पुढं येतो, आणि उशिरा पोचलेलं ते चित्र मूळ चित्राच्या उजवीकडे उमटतं. साठ फूट म्हणजे सुमारे अठरा मीटर. जाऊन-येऊन छत्तीस. वायरमध्ये सिग्नल साधारण सेकंदाला वीस कोटी मीटर धावतो, म्हणजे उशीर झाला ०.१८ मायक्रोसेकंदांचा. चित्राची एक रेघ पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत काढायला ५२ मायक्रोसेकंद लागतात आणि तुमचा पडदा ५३ सेंटिमीटर रुंद. हिशोब केला तर सावली पडायला हवी जेमतेम दोन मिलिमीटरवर. पट्टी घेऊन मोजा. दोन मिलिमीटर किंवा त्याहून कमी निघाली तर गुन्हेगार हीच वायर किंवा तिच्यातला जोड. इंचभर लांब असती तर मी वेगळीकडे शोधायला सांगितलं असतं.

त्या जोडाबद्दल मला फार संशय आहे, कारण तो जमिनीलगत आहे आणि वायर २०१९ च्या आधीची. म्हणजे २०१९ चा महापूर आणि २०२१ चा जुलै, दोन्ही तिनं बघितलेत. तुमच्या घरात पाणी किती चढलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण जमिनीलगतच्या जोडाला वीतभर पाणी पुरतं. जोडाची पिन ओढून काढा आणि उजेडात बघा. आत हिरवट कळकट दिसलं की समजा. नुसतं तेवढं टोक कापून नवी पिन लावू नका. वरच्या प्लॅस्टिकखाली तांब्याच्या तारांची जाळी असते, तिच्यातून पाणी आत झिरपत झिरपत कितीतरी फूट पुढं जातं आणि वर्षं गेली तरी तांबं काळं पडत राहतं. नदीकाठच्या घरांमध्ये पुरानंतर फ्रिज, मोटार, मीटर सगळं दाखवून घेतात, या बारक्या वायरी मात्र राहून जातात. ही पूर्ण वायर काढूनच टाका.

रंग विटण्याचं कारणही तिच्यातच आहे. या पिवळ्या पिनेतून जे चित्र येतं ते जुन्या पाल पद्धतीचं, १९८२ साली एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं तेव्हापासून चालत आलेलं. त्यात रंगांची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेली असते, म्हणजे सिग्नलच्या वरच्या टोकाला. लांब आणि हलकी वायर नेमकं वरचं टोक आधी खाते. आधी रंग फिके होतात, मग कडा मऊ पडतात, आणि माणसांचे आकार मात्र शेवटपर्यंत ओळखू येतात. बाजारात मिळणारी ती तीन रंगांची पातळ वायर मुळात टीव्हीपासून हातभर अंतरावरच्या डीव्हीडी प्लेअरसाठी असते. तिला दोन जोड देऊन साठ फूट ओढलं, यात वायरीचा काय दोष!

नवी वायर टाकाल तर ७५ ओमची कोअॅक्सियल घ्या. डिशच्या छत्रीपासून बॉक्सपर्यंत येते तीच आरजी-६, तांब्याच्या गाभ्याची. तिच्या टोकांना स्क्रूची पिन बसते, त्यावर साधी एव्ही पिन करणारा जोड मिळतो. आवाजासाठी वेगळी वायर लागेल. सीसीटीव्हीवाले वापरतात ती ३+१ वायरही साठ फुटांना चालून जाते. एका नळीत बारीक कोअॅक्सियल आणि सोबत तीन साध्या तारा असतात, त्या तारांमधून आवाज नेता येतो. मात्र साध्या तारांना जाळी नसते, त्यामुळं थोडी गुणगुण ऐकू येईल. सासूबाईंना ती ऐकू येईल का, ते तुम्हीच ठरवा. मध्ये जोड एकही नको. वाड्याच्या कडीपाटाला धरून, वरून न्या, म्हणजे पुढच्या पुराचीही सोय झाली.

मिक्सरच्या मुंग्यांसाठी वायर कुठून गेलीय ते बघा. माझा अंदाज, वायरमननं लाइटच्या वायरी ज्या पट्टीत आहेत त्याच पट्टीत ही दाबून बसवली असणार, कारण तसं करणं सोपं जातं. मिक्सरच्या मोटरीत कार्बनचे ब्रश असतात, ते फिरताना ठिणग्या उडतात आणि तो गोंधळ लाइटच्या वायरीतून शेजारच्या पातळ वायरीत उतरतो. दोन्ही एकाच पट्टीत असणं तसंही धोक्याचं. निदान अर्धा फूट अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडू द्या.

सरकणारा पट्टा हे चौथं दुखणं, आणि त्याला जरा जपून हात घालायचा. आपली वीज ५० हर्ट्झची आणि पाल चित्रही सेकंदाला ५० वेळा रंगवलं जातं. दोन्हींत बारीकसा फरक असतो, म्हणून पट्टा एका जागी न थांबता सावकाश सरकतो. पट्टा एकच आहे असं तुम्ही लिहिलंत. दोन असते तर मी बॉक्सचा अडॅप्टर बदलायला सांगितला असता, कारण म्हातारा झालेला अडॅप्टर १०० हर्ट्झची लहर सोडतो. एक पट्टा म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ. इकडे डिशच्या छत्रीची वायर, तिकडे एखाद्या टीव्हीचा तीन पिनांचा प्लग, आणि दोन्हीकडचा अर्थ सारखा नाही. मग चित्राच्या वायरीच्या जाळीतून वीज इकडून तिकडे वाहत राहते. जुन्या वाड्यांत, जिथं एकेक खोलीचं वायरिंग वेगवेगळ्या काळात झालेलं असतं, तिथं हे नेहमी दिसतं.

तपासायला हॉलमधल्याच बोर्डावरून लांब एक्स्टेन्शन ओढून मागच्या टीव्हीला वीज द्या. पट्टा गेला तर अर्थिंगचाच घोळ. चित्राच्या वायरीत लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, बोटाएवढा असतो, तो लावला की पट्टा थांबतो. पण त्याआधी वायरमनला बोलावून मागच्या खोलीच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. टीव्हीच्या तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून टाकली की पट्टा जातो, हा उपाय कुणीतरी तुम्हाला हमखास सांगेल. तो करू नका. ज्या खोलीत म्हातारं माणूस ओल्या हातानं बटण दाबतं, तिथं तर नाहीच. पिना लावताना-काढताना धातूला हात लागून झटका बसत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वायरमन.

इतकं सगळं मनापासून केलंत तर सासूबाईंच्या खोलीतलं चित्र उजळ, रंगीत आणि स्थिर होईल. तरीही स्कोअर वाचता येईलच, असं वचन मी देणार नाही. पालच्या ६२५ रेघांतल्या चित्राच्या रेघा ५७६. हॉलमध्ये तुम्ही बघता त्या एचडी चित्राच्या १०८०. एचडीसाठी आखलेली बारीक स्कोअरपट्टी पिवळ्या पिनेतून जाताना पुसटणारच, वायर सोन्याची घातली तरी. म्हणून पैसे घालायचेच असतील तर माझं मत स्पष्ट आहे : जुन्या पद्धतीची डागडुजी करत बसू नका, एचडी चित्र आणि आवाज एकत्र नेणारी एचडीएमआय न्या.

मागच्या टीव्हीच्या पाठीला एचडीएमआयचं भोक आहे का, ते बघा. २४ इंची एलईडी असेल तर बहुधा असतंच. हॉलमध्ये बॉक्सपाशी एचडीएमआय स्प्लिटर बसवायचा, माडीही धरून चार वाटांचा. तिथून मागच्या खोलीपर्यंत साधी एचडीएमआय केबल साठ फूट ओढायला जाऊ नका. तीसेक फुटांपर्यंत ती निभावते, पुढं भरवसा नाही. त्याऐवजी एचडीएमआय एक्स्टेंडर घ्या : दोन छोट्या पेट्या, मध्ये इंटरनेटसाठी वापरतात ती कॅट-६ वायर. साठ फूट त्याला काहीच नाही. वायर शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते आणि दुकानदार ती आधी पुढं करतो. इथं चित्र बिघडलं तर ते काळपट किंवा विटकं होत नाही. नीट असतं, किंवा पडद्यावर चमकते ठिपके येतात, किंवा क्षणभर काळोख होतो. ठिपके दिसले की क्रिंप केलेली, म्हणजे दाबून बसवलेली टोकं परत मारायला सांगा.

स्प्लिटरची एक खोड माहीत असू द्या. तो सगळ्या टीव्हींना विचारतो, तुम्हाला किती झेपतं? आणि सगळ्यात कमी झेपणाऱ्याप्रमाणे सगळ्यांना चित्र देतो. लहान टीव्ही ७२० वर अडला तर हॉलमधलं चित्रही ७२० वर येईल आणि दीर तुमच्या नावानं बोटं मोडतील. म्हणून ज्याच्यावर ही निवड करणारं बटण आहे, किंवा जो प्रत्येक टीव्हीसाठी चित्र लहान-मोठं करून देतो, असा स्प्लिटर घ्या. अगदी बिननावाचा स्वस्त घेतलात तर काही चॅनेलवर काळा पडदा येण्याची शक्यता आहे, कारण चोरीविरोधी कुलूप त्याला उघडता येत नाही.

बहुतेक एक्स्टेंडरांसोबत रिमोटचा डोळाही येतो. तो सासूबाईंच्या खोलीत लावला की बॉक्सचा दुसरा रिमोट त्यांच्या हाती देता येईल आणि त्या तिथूनच चॅनेल बदलतील. अर्थात बॉक्स एकच. त्यांनी मॅच लावली की हॉलमध्येही मॅचच. तुमच्या घरात हे चालेल की नाही, ते मी सांगलीबाहेर बसून काय सांगणार! त्यांना त्यांचं चॅनेल आणि तुम्हाला तुमची मालिका हवी असेल, तर डिशकडून दुसरा बॉक्स घेण्यावाचून इलाज नाही. छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डब्याला) दुसरी वाट हवी, तिथून आरजी-६ खाली आणावी लागेल, दर महिन्याला रिचार्ज थोडं वाढेल. चित्राचा प्रश्न मात्र मुळातूनच सुटेल, कारण मधली साठ फुटांची वायर आणि तिच्या पिना सगळंच गळून पडेल.

बिनतारी पेटी परत करता येत असेल तर करा. ती २.४ गिगाहर्ट्झवर बोलते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ वर चालतो आणि घरातला वायफायही बहुधा त्याच पट्ट्यात, म्हणून ओव्हन लावला की ती गप्प होते. ५.८ ची पेटी घेतली तर ओव्हनचा त्रास जाईल, पण वाड्याच्या दीड-दोन फूट जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती ती लहर आणखीनच अडवतील, आणि पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की विचारूच नका.

नवं काही बसवेपर्यंत मागच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. खराब चित्राला शार्पनेस वाढवली की फक्त मुंग्या टोकदार होतात. माणसं उंच-बारीक दिसत असतील तर बॉक्सच्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण १६:९ करा, आणि टीव्हीवर झूम लावलेला असेल तर काढा, नाहीतर स्कोअरची पट्टी खालून कापली जाते. पावसात हॉलमध्ये आणि मागं एकाच वेळी चित्राचे चौकोन फुटत असतील, तर तो छत्रीचा प्रश्न, या वायरींना हात लावू नका.

स्प्लिटर लावल्यावर बहुधा आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. हॉलमध्ये षटकार आधी ऐकू येईल आणि सासूबाईंच्या खोलीत जरा मागून, किंवा उलट. प्रत्येक टीव्ही चित्र तयार करायला आपला आपला वेळ घेतो आणि आवाजही तेवढाच थांबवून ठेवतो. जो टीव्ही मागं पडतो त्याच्यात गेम मोड असेल तर तो चालू करा, अंतर बरंच कमी होतं. तरी घुमल्यासारखं वाटलं तर मधलं दार लोटून घ्या.